सव्वाशे निवाऱ्यांचं देणं

मुंबईला किमान सव्वाशे बेघर निवारे हवेत. हा आकडा कुणा संस्थेच्या मागणीपत्रातला नाही. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, तो वर्षभर आणि चोवीस तास उघडा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख भरली. पुढे उरतो तो साधा भागाकार. महानगरपालिका या संख्येच्या जवळपासही आजवर पोहोचलेली नाही, आणि आहेत त्या निवाऱ्यांतले बरेचसे मुलांसाठी आहेत. एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याला किंवा लेकुरवाळ्या बाईला आज रात्री पाठ टेकायला जागा हवी असेल, तर बोट दाखवावं असं ठिकाण शहराच्या फार थोड्या भागांत सापडतं.

निवारे कमी आहेत, एवढं म्हणून मात्र हा विषय संपत नाही. आपल्याकडच्या बेघर निवाऱ्याची कल्पना उत्तर भारतातल्या थंडीतून घडली. एकटा पुरुष रात्री येतो, अंगावर रजई घेतो, सकाळी निघून जातो, असं चित्र त्यामागे आहे. मुंबईतला बेघर माणूस बहुधा कमावता असतो, अनेकदा बायकापोरांसह राहतो, आणि त्याचं खरं संकट जानेवारीत येत नाही, जुलैत येतं. आधीच अपुरी असलेली सोय ज्यांच्यासाठी केली त्यांच्या जगण्याशी जुळतच नाही, हे या प्रश्नाचं मूळ दुखणं आहे.

किती माणसं?

इमारतीत किंवा घर म्हणता येईल अशा जागेत न राहता रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहणाऱ्यांना जनगणना बेघर मानते. 2011 मध्ये अशी माणसं देशात 17.7 लाख होती. दहा वर्षांपूर्वी हीच संख्या 19.4 लाख होती, म्हणजे एकूण आकडा घटला. शहरांत मात्र तो 7.8 लाखांवरून 9.4 लाखांवर गेला. महाराष्ट्रात 2.1 लाख बेघर मोजले गेले, त्यांतले सुमारे 57 हजार एकट्या मुंबईत.

हा आकडा कमी आहे असं मानायला सबळ कारणं आहेत. बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारी 2011 च्या एका रात्रीत उरकली गेली. ज्यांचं काम रात्री असतं, ते त्या वेळी झोपेच्या जागेवर नसतात. लग्नाच्या हंगामात केटररकडे भांडी घासणारा मुलगा किंवा भाजीबाजारात पहाटेचा ट्रक उतरवणारा हमाल अशा मोजणीतून सहज निसटतो. एकट्या बायका झोपायला आडोसा शोधतात आणि जागा बदलत राहतात. हातात कागद घेतलेला सरकारी माणूस दिसला की महापालिकेची ‘गाडी’ येणार, असं समजून बिऱ्हाड हलवण्याची सवय वर्षानुवर्षांच्या कारवाईने लावलेली आहे. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ‘ॲक्शन एड’ यांनी 2013 मध्ये मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची गणना केली, तेव्हा केवळ मुलांचीच संख्या 37,059 भरली. त्या गणनेची व्याख्या वेगळी होती. रस्त्यावर काम करणारी, दिवसाचा बराच वेळ रस्त्यावर काढणारी मुलंही तिच्यात होती. तरीही दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की 57 हजार ही संख्या फार तर खालची मर्यादा वाटते.

2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची 2027 साठी जाहीर झाली आहे. म्हणजे आज जे काही नियोजन होतं, ते दीड दशकापूर्वीच्या एका रात्रीवर उभं आहे.

ती कोण आहेत?

बेघर म्हटलं की रिकामटेकडा, व्यसनी किंवा भिकारी असं चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येतं. मुंबईच्या फुटपाथवरची माणसं जवळून पाहिली तर ते टिकत नाही. भायखळ्यात काम सुरू केलेल्या ‘स्पार्क’ संस्थेने 1985 मध्ये फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे 6,000 कुटुंबांची, म्हणजे 27,000 माणसांची पाहणी केली. दुष्काळी आणि भूमिहीनांच्या मुलखातून आलेली, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर काम करणारी, एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं राहिलेली कुटुंबं त्या पाहणीतून पुढे आली. बसचं भाडं परवडत नाही म्हणून कामाच्या जवळ राहायचं, आणि कामाच्या जवळ खोली परवडत नाही म्हणून फुटपाथवर राहायचं, हा त्यांचा हिशेब होता. आजही तो बदललेला नाही. नाक्यावर उभे राहणारे बिगारी, हातगाडी ओढणारे, भंगार वेचणारे, सिग्नलला गजरे आणि लिंबू-मिरची विकणारे, घरकामाला जाणाऱ्या बायका हे सगळे शहराचं काम करतात. शहराने त्यांच्या मजुरीचा दर ठरवला. त्या मजुरीत राहता येईल अशी खोली मात्र कधी बांधली नाही.

यांत पारधी कुटुंबांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतली ही एक. 1952 मध्ये तो शिक्का कायद्यातून पुसला गेला. पोलीस चौकीतून आणि गावातून तो गेला नाही. गावात थारा नाही आणि जमीन नाही, म्हणून शहरात आलेल्या पारध्यांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या मुंबईच्या फुटपाथवर जन्मल्या आणि वाढल्या आहेत. या मुलांना ‘गावी परत जा’ असं सांगणाऱ्याने कोणतं गाव, हेही सांगितलं पाहिजे.

दुसरा मोठा गट आजाऱ्यांचा आहे. 1941 मध्ये परळला टाटा रुग्णालय सुरू झालं आणि देशभरातले कर्करुग्ण मुंबईकडे येऊ लागले. केमोथेरपी महिनोन्महिने चालते. उपचार सवलतीत मिळाले, तरी राहण्याची सोय होतेच असं नाही. त्यामुळे हातात फाईल आणि शेजारी आजारी माणूस घेऊन फुटपाथवर पथारी पसरलेली कुटुंबं परळ भागात वर्षानुवर्षं दिसतात. घरी शेतीवाडी असलेला माणूसही इथे बेघर होतो.

मनोरुग्ण हा तिसरा गट. घर सोडून भरकटलेली, नाव-गाव सांगू न शकणारी ही माणसं निवाऱ्याच्या दारापर्यंतही स्वतःहून पोहोचत नाहीत. डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने कर्जतच्या केंद्रातून अशा हजारो रुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवलं; 2018 मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हरवलेला माणूस बरा होऊन घरी जाऊ शकतो, हे या कामाने दाखवून दिलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बेघर मनोरुग्णाला मोफत उपचारांचा हक्क दिला आणि अशा माणसाला संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. हक्क कागदावर आहे. रात्री दोन वाजता असा माणूस सापडला तर त्याला नेमकं कुठे न्यायचं, याचं उत्तर बहुतेक पोलीस ठाण्यांजवळ नसतं.

न्यायालयाने काय दिलं?

या प्रश्नावरचा देशातला सर्वांत गाजलेला खटला मुंबईतूनच उभा राहिला. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या गावी पाठवण्याची घोषणा केली आणि कारवाई सुरू झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारे काही जण न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला. राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि फुटपाथवरून हटवलेल्या माणसाची उपजीविकाही जाते, हे न्यायालयाने मान्य केलं. मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणालाही नाही, योग्य ती नोटीस देऊन महापालिका हटवू शकते, असंही त्याच निकालात म्हटलं. 1976 च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, आणि 31 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, झोपड्या पाडू नयेत, असे निर्देश दिले. मुंबईत छप्पर नसण्याचं संकट पावसाचं असतं, हे न्यायालयाला 1985 मध्येच दिसलं होतं.

त्यानंतरचा मोठा टप्पा दिल्लीतून आला. 2009 च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, तिथला एक तात्पुरता निवारा महापालिकेने पाडला. अन्नाच्या हक्कासाठी ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेने 2001 मध्ये दाखल केलेल्या याचिकेत न्यायालयाने नेमलेले आयुक्त एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर यांनी हे न्यायालयाच्या कानी घातलं. त्यातून 2010 चे आदेश आले आणि एक लाखामागे एक निवारा हे प्रमाण ठरलं. 2013 मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा योजना आली. तिने निकष घालून दिले: माणशी किमान 50 चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला कप्पे, बायका, कुटुंबं, वृद्ध आणि आजारी यांच्यासाठी वेगळी व्यवस्था. पैशाचा मोठा वाटा केंद्राने उचलायचा होता. तरीही राज्यं ढिम्म राहिली, म्हणून नोव्हेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली. पैसा उपलब्ध असूनही निवारे का उभे राहत नाहीत, हा तिच्यापुढचा मुख्य प्रश्न होता.

मुंबई उच्च न्यायालयाचा सूर वेळोवेळी बदलत गेला. जुलै 2021 मध्ये, राज्य सगळंच पुरवू शकत नाही, बेघरांनीही देशासाठी काम करावं, असं खंडपीठाने म्हटलं. मार्च 2023 मध्ये दक्षिण मुंबईतल्या फुटपाथवर झोपणाऱ्यांविरुद्धची तक्रार पुढे आली, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांनी ही माणसं गरीब असली तरी माणसंच आहेत, न्यायालयापुढे ती इतरांच्या बरोबरीचीच आहेत, याची आठवण करून दिली.

या सगळ्याच्या उलट दिशेने ओढणारा एक जुना कायदा आहे: 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. उदरनिर्वाहाचं दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं यालाही त्याने भीक मागण्याच्या व्याख्येत घातलं. म्हणजे नुसतं गरीब दिसणं अटकेला पुरतं. अशा माणसाला चेंबूरच्या भिक्षेकरी गृहासारख्या ठिकाणी एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये या कायद्यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. ज्या राज्यात तो जन्मला, तिथे तो अजून उभा आहे. निवाऱ्याची गाडी आणि भिक्षेकऱ्यांना पकडणारी गाडी यांतला फरक रस्त्यावरच्या माणसाने कसा ओळखायचा? सरकारी गाडीत बसायला तो घाबरतो, ते अनुभवाने.

निवारा का जुळत नाही?

एक लाखामागे एक हे प्रमाण पुरं झालं असं समजा. सव्वाशे निवारे, प्रत्येकी शंभर माणसं. एकूण 12,500 जागा. सरकारच्याच 57 हजारांच्या आकड्यापुढे ही सोय पाव भागालाही पुरत नाही. न्यायालयाने सांगितलेलं प्रमाण ही सुरुवात होती. आपण तिलाच दूरचं ध्येय करून ठेवलं.

दिल्लीत 2010 च्या कायद्याने स्वतंत्र नागरी निवारा मंडळ आलं आणि निवाऱ्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली. तिथल्या निवाऱ्यांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, तरीही जबाबदारी कुणाची हे तिथे ठरलेलं आहे. थंडीने माणसं दगावतात, बातम्या होतात, दर हिवाळ्यात यंत्रणा हलते. मुंबईच्या पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. या पावसाने फुटपाथवरचा माणूस एका रात्रीत मरत नाही. तो ओल्या कपड्यांत महिनोन्महिने राहतो, पोरांना ताप येतो, रोजगार बुडतो, लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. हे हळूहळू होतं, म्हणून त्याची बातमी होत नाही आणि यंत्रणाही हलत नाही.

मग निवारा असूनही लोक तिथे जात नाहीत, अशी तक्रार अधिकारी करतात. ती अनेकदा खरी असते, आणि तिची कारणं समजून घ्यायला हवीत. फक्त पुरुषांच्या निवाऱ्यात गेलं तर बायको-मुलांना रस्त्यावर सोडावं लागतं. विक्रीचा माल, भंगाराचं पोतं किंवा हातगाडी आत नेता येत नाही, आणि बाहेर ठेवली तर सकाळी सापडत नाही. नाका दादरला आणि निवारा दूर उपनगरात असेल, तर पहाटेचं काम बुडतं. ओळखपत्र मागितलं जातं, आणि ते मागच्या कारवाईत भांड्याकुंड्यांबरोबर गेलेलं असतं. रात्री कामाला जाणाऱ्याला दिवसा झोप हवी असते, आणि चोवीस तासांचा नियम असूनही दिवसा दार बंद असतं. फुटपाथवर शेजार असतो, दुकानदार ओळखीचा असतो, मूल आजारी पडलं तर हाक मारायला माणूस असतो. हे सगळं सोडून जाण्याजोगं काही निवाऱ्याने द्यायला हवं. ते न देता माणसाला दोष देणं अन्याय्य आहे.

जागा नाही, हे महापालिकेचं नेहमीचं उत्तर. शंभर माणसांच्या निवाऱ्याला निकषाप्रमाणे पाच हजार चौरस फूट जागा लागते, आणि मुंबईत ती मिळवणं अवघड आहे हे मान्य. पण पटसंख्या घटल्यामुळे रिकामे पडलेले शाळांचे मजले आणि मंडयांवरचे मोकळे माळे महापालिकेच्याच मालकीचे आहेत. 2020 च्या टाळेबंदीत अनेक शाळांच्या वर्गांत आठवड्याभरात निवारे उघडले गेले होते. ठरवलं तर जागा निघते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. 2025-26 चा महापालिकेचा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांच्या वर होता. एवढ्या पैशात सव्वाशे इमारतींची डागडुजी बसत नाही, असं कुणालाही म्हणता येणार नाही. उड्डाणपुलांखाली जाळ्या आणि कुंड्या बसवायला मात्र जागाही मिळते आणि पैसाही.

पत्ता आणि घर

निवाऱ्याचा उपयोग झोपण्यापुरता नाही. पत्ता नसलेल्या माणसाला रेशन कार्ड, बँक खातं, मुलांचा जातीचा दाखला, यांतलं काहीच सहज मिळत नाही. मतदार नोंदणीचा नियम इथे उजवा ठरतो. बेघर माणसाने अर्जात जी जागा लिहिली असेल, तिथे अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं. पत्त्याच्या कागदाची सक्ती नाही. मतासाठी हे करता येतं, तर रेशनसाठी का करता येऊ नये? प्रत्येक निवाऱ्याचा पत्ता हा तिथे राहणाऱ्याचा कायदेशीर पत्ता मानला, तर कागदपत्रांचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

आणि निवाऱ्याच्या पुढे घर असायला हवं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीही पात्र धरले गेले, मात्र ठरावीक तारखेआधीचा पुरावा दाखवण्याची अट आली. ज्याचे कागद प्रत्येक कारवाईत जातात, त्याच्याकडे जुना पुरावा उरत नाही. तरीही मार्ग सापडू शकतो, हे भायखळ्याच्या फुटपाथवरल्या बायकांनी दाखवलं. ‘महिला मिलन’ या संघटनेत एकत्र येऊन त्यांनी रोजची बचत सुरू केली, स्वतःची गणना स्वतः केली, घराचे आराखडे स्वतः आखले, आणि पुढे मानखुर्दच्या मिलन नगरात ती घरं उभी राहिली. ती उभी राहायला दशकं लागली. सरकारने हात दिला असता, तर तीच वाट काही वर्षांत चालता आली असती. कमी भाड्याच्या खोल्या शहरात उरल्या नाहीत, हे बेघरपणाचं सर्वांत मोठं कारण आहे. गिरण्यांच्या काळात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-वीस कामगार असत; ती सोय वाईट होती, पण डोक्यावर छप्पर होतं. आजच्या बिगाऱ्याला तेवढंही परवडत नाही.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि बेघरांना आसरा हे काम त्यांनी भुकेल्याला अन्न आणि मुलांना शिक्षण यांच्या बरोबरीने मोजलं. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आज असंख्य रुग्णांचा आधार आहेत. पण समाजाच्या दानतीवर चालणाऱ्या संस्था शहराची जबाबदारी किती काळ वाहणार?

करायचं काय, हे अवघड नाही. प्रत्येक वॉर्डात पहिल्या टप्प्यात किमान एक कुटुंब निवारा आणि एक फक्त बायकांचा निवारा. दादर, कुर्ला, भायखळा, परळ असे जिथे काम आणि रुग्णालयं आहेत त्या भागांना प्राधान्य. मे अखेरीपर्यंत निवडक शाळांचे रिकामे मजले पावसाळी निवाऱ्यासाठी खुले. सामान आणि हातगाडी ठेवायला कुलूपबंद जागा. कागदाशिवाय प्रवेश, आणि प्रवेशानंतर कागद मिळवून देणारा कर्मचारी. फुटपाथवरून कुणालाही हटवण्याआधी त्याला नेण्याची जागा लेखी दाखवण्याची सक्ती. 1959 च्या कायद्यातली भटकण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द. आणि 2027 च्या मोजणीत बेघरांच्या गणनेसाठी एकाऐवजी अनेक रात्री, सोबत वस्तीतल्या माणसांना घेऊन.

यांतल्या बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. महापालिकेने वॉर्डनिहाय रिकाम्या इमारतींची यादी जाहीर करावी, त्यातल्या किती निवाऱ्याला देणार आणि कधी, हे तारखेसह सांगावं, आणि दरवर्षी अर्थसंकल्पासोबत त्याचा हिशेब मांडावा. 2010 पासून हे देणं थकलेलं आहे. ते मागणं हे आपण मुंबईकरांचंही काम आहे, कारण ज्यांचं ते देणं आहे त्यांच्या मजुरीवर हे शहर रोज चालतं.